‘तुम्ही द्याल ते’

मुलाखत देऊन आलेल्या आपल्या पोरांना मी आधी एकच प्रश्न विचारतो. पगार किती सांगितलास? इंग्रजी जमलं का, साहेब कोण होते, हे सगळं नंतर. आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. ‘‘म्हटलं, तुम्ही द्याल ते.’’ कुणी हे फुशारकीनं सांगतो, जणू आपण लोभी नाही हे त्यानं साहेबाला पटवून दिलं. कुणी खाली मान घालून सांगतो. शब्द मात्र तेच तीन.

हे तीन शब्द मलाही तोंडपाठ आहेत. १९९३ साली नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरमधल्या क्लार्कच्या जागेसाठी गेलो होतो. टेबलापलीकडे तिघं. आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर गाव विचारलं. मनमाड म्हटल्यावर मूळ गाव विचारलं. मग वडील काय करतात. रेल्वेत गँगमन. तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, बघायची गरज नसावी. माझी बी. कॉम.ची मार्कलिस्ट शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली. मग मधल्यानं विचारलं, ‘‘पगाराची अपेक्षा काय?’’ एस. टी.त बसून मी दोन हजाराचा आकडा घोकत आलो होतो. तोंडातून आलं, ‘‘साहेब, तुम्ही द्याल ते.’’

त्यांनी दिले अकराशे. तीन महिन्यांनी कळलं, माझ्याच दिवशी लागलेल्या, माझ्याच टेबलाशेजारी बसणाऱ्या, माझ्याहून कमी मार्कांच्या सवर्ण पोराला सोळाशे होते. त्यानं काही कट केला नव्हता. त्याचा मामा पलीकडच्या कारखान्यात होता. मामानं त्याला सांगून पाठवलं होतं, अठराशे माग आणि सोळाशेवर थांब. बस्स, एवढंच.

त्या पाचशे रुपयांची चीड मला पुष्कळ वर्षं होती. आता चीड त्या तीन शब्दांची आहे. ते माझे नव्हतेच. ते माझ्या आज्याचे होते.

आज्या येसकर. हातात घुंगराची काठी. सुगीत खळ्याच्या कडेला उभा राहायचा. मळणी व्हायची, रास पडायची, सगळ्यांचं सगळं काढून झालं की याच्या पाटीत पडेल ते पडायचं. आजी सांगायची, ‘‘किती पायजे, असं त्याला जल्मात कुनी इचारलं न्हाई. आन् इचारलं असतं तर त्यो भ्याला असता.’’ द्याल ते, मायबाप. त्याचा करार म्हणा, पगारपत्रक म्हणा, हेच होतं.

गावगाड्याचे गोडवे गाणारे विद्वान ह्या पद्धतीला परस्पर सहकार्य म्हणतात. ज्यांचे आजे राशीच्या आतल्या बाजूला उभे होते त्यांना ते सहकार्य दिसणारच. बाबासाहेबांना ते तसं दिसलं नाही. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्याला दुरुस्ती करणारं बिल मांडलं. महार राबतो सरकारसाठी, पण त्याचं पोट रयतेच्या मर्जीवर. कामाला वेळेची हद्द नाही, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं, तो घरी नसला तर त्याच्या घरातलं दुसरं माणूस राबायचं. ह्यावर बाबासाहेबांनी सुचवलेल्या उपायांपैकी एक अगदी साधा होता: बलुत्याचं रूपांतर रोख पैशात करता यावं. ते बिल पुढं त्यांना मागं घ्यावं लागलं. ही वतनं अखेर १९५८च्या कायद्यानं गेली, आणि ते बघायला बाबासाहेब नव्हते.

गड्यांनो, ह्या बिलाचा विचार आपण नीट केलेला नाही असं मला वाटतं. आपण त्याला महारकीची सुटका म्हणतो आणि पुढं जातो. पण त्यात एक तात्त्विक मुद्दा आहे. एखाद्या साली सुगी चांगली झाली तर खळ्यावर पडणारं धान्य कदाचित रोख पगारापेक्षा जास्तही भरलं असतं. म्हणजे भांडण कमी-जास्तीचं नव्हतं. दर आधी ठरतो की काम झाल्यावर कुणाच्या तरी मर्जीनं पडतो, हे भांडण होतं. दर आधी ठरला की दोन माणसं समोरासमोर येतात. मर्जीनं पडला की एक दाता होतो आणि दुसरा घेता. दात्याचे उपकार मानावे लागतात. जो उपकार मानतो तो भांडू शकत नाही. भांडला तर कृतघ्न ठरतो.

तर प्रश्न असा आहे: जो पोरगा एम. ए., बी. ई. होऊन, गळ्यात टाय बांधून, काचेच्या केबिनमध्ये बसून ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतो, त्याचं वतन गेलं का?

चळवळीतले काही मित्र इथं मला अडवतात. त्यांचं म्हणणं, ‘‘स्वतःची किंमत सांगायची ही भाषाच भांडवलदारांची. माणूस म्हणजे काय बाजारातला बैल आहे का? आपण माणसाच्या मोलाची लढाई लढतो, अन् तू पोरांना भाव करायला शिकवतोस?’’ ही शंका मला खोटी वाटत नाही. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ साली हाच भेद मांडला होता, की ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. कबूल. पण मुलाखतीत आपण विकतो काय? आपण नव्हे, आपले दिवसाचे आठ-नऊ तास, आपण शिकलेलं कसब. त्याला दर असतोच, आपण सांगितला नाही तर समोरचा सांगतो. उलट मी म्हणेन, जो आपल्या तासांचा दर सांगत नाही तो तासांबरोबर स्वतःलाही देऊन टाकतो. आज्यानं तेच केलं होतं. त्याच्या तासांना दर नव्हता म्हणून तो सबंधच गावाचा होता. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचं बिल मांडलं, त्याच वर्षी कारखान्यातला कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणला गेला. तास मोजणं आणि दर बांधणं हे माणसाच्या प्रतिष्ठेच्या विरुद्ध असतं तर हे उद्योग त्यांनी कशाला केले असते?

आता दुसरा प्रश्न, जास्त अवघड. मुलाखतीत खरं किती बोलायचं?

आपण पंचशील घेतो. मुसावादा वेरमणी म्हणतो. मग आडनावामागं दडलेला प्रश्न ओळखून जो पोरगा गावावरून केलेलं ‘कर’ लावून नवं आडनाव घेतो, तो शील मोडतो का? वडील ‘सरकारी नोकरीत’ आहेत असं सांगून झाडूचा उल्लेख टाळणारी पोरगी खोटारडी का? आपल्या बैठकीत ह्यावर फटकन निकाल देणारे खूप आहेत. बहुधा ते नोकरीला लागलेले असतात.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली छापलेला एक अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवडे त्यांनी अर्ज पाठवले, एकूण ४८०८. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: सवर्ण हिंदू, दलित, मुसलमान. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुसलमान नावाची एक-तृतीयांश. मुलाखत तर पुढंच राहिली, हे पाकिटावरचं. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांशी बोलून लिहिलं, की जातीचं नाव कुणी काढत नाही. विचारतात ते ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’. म्हणजे माझ्या त्या तीन साहेबांचा प्रश्न. आणि तोंड बघून माणूस ठरवण्यात काहीतरी काळंबेरं असतं हे सरकारलाही ठाऊक असावं. नाहीतर केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद कशाला केल्या असत्या?

अशा ठिकाणी सत्य कुणाचं देणं लागतो आपण?

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबियातून शिकून आलेला माणूस. राहायला खोली मिळेना. पारशांची एक धर्मशाळा होती, ती फक्त पारशांसाठी. तिथल्या रखवालदाराशी ठरवून वहीत पारशी नाव लिहिलं आणि ते राहिले. हे कुणी शत्रूनं उकरून काढलेलं नाही, त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. अंधारा हॉल, वटवाघळं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, महिना साडेचारशे रुपये. त्यातूनच पैसा साठवून राहिलेल्या शिक्षणासाठी परत लंडन गाठलं.

मी ह्या प्रसंगाकडे पुष्कळदा परत येतो. डोक्यावर छप्पर हवं म्हणून त्यांनी दुसरं नाव लिहिलं. चाकरीच्या कागदावर मात्र आंबेडकरच होते. ह्यावरून नियम काढायचा माझा अधिकार नाही. पण दोन गोष्टी दिसतात. जो जात विचारून दार लावतो त्याला आपली जात सांगणं हे काही आपलं कर्तव्य नाही, त्यानं तो हक्क गमावला आहे. आणि दुसरी, की खोट्या नावानं छप्पर मिळतं, झोप मिळत नाही. आडनाव बदलून लागलेले माझे दोन मित्र आहेत. दोघंही चौदा एप्रिलला रजा घेताना आजारी पडतात. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. पण त्यांच्या पगारातून हे दरमहा कापलं जातं, कुठल्याही स्लिपवर न दिसता.

खोटं बोलणं आणि उत्तर न देणं ह्यांत मात्र फरक आहे, आणि हा फरक आपल्या धम्मातलाच आहे. मालुंक्यपुत्तानं तथागतांना जग शाश्वत की अशाश्वत असले प्रश्न केले. तथागतांनी उत्तर दिलं नाही, कारण त्या उत्तरानं दुःख हटत नव्हतं. त्याला कुणी खोटेपणा म्हटलं नाही. तर ज्या प्रश्नाचा कामाशी संबंध नाही त्याला ‘‘कामाबद्दल विचारा ना’’ एवढं म्हणून थांबता येतं. लिहायला सोपं आहे, मला कळतं. तिथं घसा सुकतो. पोरींना तर लग्न कधी, मूल कधी, नवरा परवानगी देईल का, इथपर्यंत विचारतात. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय, बापाचं काम मी लपवणार नाही. उन्हातान्हात रूळ राखणाऱ्या माणसाची मला लाज नाही. पण त्याच्या कामावरून माझा दर काढू देणार नाही.

आणि दर काढायची एक रीत आहे, तिच्याकडे आपलं लक्षच नाही. ‘‘आधीच्या ठिकाणी किती मिळत होते?’’ किती निरागस प्रश्न! मग आहे त्यावर टक्के लावून नवा पगार. हिशेब करून बघा. एकजण भीतीनं आठ हजारावर लागला, दुसरा मामाच्या सल्ल्यानं बारा हजारावर. दोघांनी तीनदा नोकरी बदलली, दर वेळी वीस टक्के वाढ. पहिला पोचतो १३,८२४वर आणि दुसरा २०,७३६वर. चार हजाराचा फरक सात हजाराला टेकला. काम सारखं, वाढ सारखी, अन्याय कुणी केला म्हणून दाखवता येत नाही. पहिल्या दिवशीची ती थरथर दर नोकरीत मागं मागं येते. बापाचा धंदा पोराला तसा पहिल्या पगाराचा आकडा पुढच्या पगाराला. पगाराचंही वतन होतं ते असं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पगार ठरण्याआधी हा प्रश्न विचारायला २०१८पासून कायद्यानं बंदी आहे. बायांना कमी पगाराच्या चक्रातून काढायचं म्हणून तो कायदा झाला. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि जातीच्या अंगानं ह्याचा विचार झालेला मी तरी ऐकला नाही.

मग जुना आकडा फुगवून सांगावा का? खोटी पगारस्लिप करून देणारी दुकानं आहेत, आपली पोरंही तिथं जातात. मी विरुद्ध आहे. मालकाला सत्य देणं लागतो म्हणून नव्हे. खोटी स्लिप दिली की पुढं जन्मभर त्या कागदाची भीती राहते, आणि भिणारा माणूस परत ‘द्याल ते’वर येतो. शिवाय एक पकडला गेला की पुढच्या दहांच्या कागदांकडे संशयानं बघतात. आपल्यातला एक चुकला की सगळे चुकतात, ही त्यांची जुनी रीत. त्यापेक्षा सरळ सांगावं, तो पगार त्या कामाचा होता, ह्या कामाचं मी इतकं घेईन. ऐकणार नाहीत, स्लिप मागतीलच, तेव्हा खरी द्यावी आणि आकडा तोच परत सांगावा.

आकड्यातही फसवणूक असते. वर्षाला तीन लाखाचं पॅकेज म्हणतात. पोरगा घरी येऊन आईला सांगतो, महिना पंचवीस हजार. मूळ पगार साडेबारा हजार धरला तर मालकाच्या वाट्याचा फंड दीड हजार, ग्रॅच्युइटीचे सहाशे, हेही त्या पंचविसातच मोजलेले असतात. मग पोराच्या वाट्याचा फंड दीड हजार आणि व्यवसाय कर दोनशे. हातात येतात एकवीस हजार दोनशेच्या आसपास. फंडाचे पैसे कुठं जात नाहीत हे खरं, पण ग्रॅच्युइटी कायम नोकराला सहसा पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. तेव्हा ‘पॅकेज’ नको, हातात किती ते विचारायचं. कागद घरी आणायचा. ‘‘दोन दिवसांत कळवतो’’ म्हणायचं. हे वाक्य म्हणताना माझी पोरं सगळ्यात जास्त अडखळतात. आम्हाला वाटतं, दोन दिवस मागितले तर दिलेलं परत घेतील. घेतीलही कधी. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्यानं तिथंच सही केली तर त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. उपाशी माणसाला स्वाभिमानाचं व्याख्यान देण्यासारखं हलकट काम नाही.

पण आपण सगळेच आता उपाशी नाही. आणि इथं मला माझं स्वतःचं सांगायला पाहिजे.

त्या सवर्ण पोराला अठराशेचा आकडा मामानं दिला होता. आपल्याला मामा नाही अशी ओरड मी पंचवीस वर्षं केली. पण मी स्वतः कुणाचा मामा झालो का? २००४ साली आमच्याच वस्तीतल्या एका पोराला मी माझ्या तेव्हाच्या कंपनीत चिकटवला. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्यानं विचारलं, ‘‘दादा, किती सांगू?’’ मी म्हटलं, ‘‘देतील ते घे. आधी आत ये.’’ माझ्या शब्दावर लागतोय, जास्त मागून माझं नाक कापू नये, ही माझी काळजी. म्हणजे साहेबाच्या वतीनं मीच खळ्यावर उभा होतो. त्यानं पुढं विचारलं, ‘‘तुम्हाला किती मिळतं दादा?’’ मी विषय बदलला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? वस्तीत कळलं असतं, उसने मागायला आले असते, आणि मिरवतो त्यापेक्षा आकडा बराच लहान आहे हेही कळलं असतं. पोरगं तीन हजारावर लागलं. त्या जागेला साडेचार मिळत होते, हे मला त्या रात्री ठाऊक होतं.

शिकलेल्यांनी दगा दिला असं बाबासाहेब १९५६ साली आग्र्याला बोलले, ते आपण दर वर्षी व्यासपीठावरून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. प्रत्येकाला वाटतं ते शेजारच्याबद्दल आहे. मीही वाजवल्या.

आता आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक वही फिरते. कामाचं नाव, गाव, हातात येणारा पगार. माणसाचं नाव लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात चारच ओळी भरल्या आणि त्यातल्या दोन खोट्या होत्या, फुगवलेल्या. कुणाच्या ते अक्षरावरून सगळ्यांना कळलं. पण वही चालू आहे. कंपन्या पगार गुप्त ठेवायला सांगतात ते उगाच नाही.

मागच्या महिन्यात वस्तीतली एक पोरगी आली. कॉम्प्युटर शिकलेली, पुण्याला मुलाखत. ‘‘जयभीम काका. वही बघू का?’’ वहीतलं बघितलं, मग विचारलं, ‘‘तुमचा पहिला पगार किती होता?’’ अकराशे सांगितले. शेजारच्याचे सोळाशे सांगितले. आत्ताचा आकडाही सांगितला, बायको आतून ऐकत होती. पोरगी जरा वेळ कागदावर काहीतरी करत बसली आणि म्हणाली, ‘‘मी बत्तीस सांगते. हातात.’’

‘इतके नको, पंचवीस सांग’ हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

तीच म्हणाली, ‘‘तुम्ही साहेब व्हा, मी म्हणून बघते.’’ मी खुर्ची सरकवून बसलो. आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडिलांचं विचारलं. तिनं सांगितलं, घंटागाडीवर असतात. मी म्हटलं, ‘‘पगाराची अपेक्षा काय?’’ ती म्हणाली, ‘‘बत्तीस हजार, हातात.’’ आणि गप्प बसली. माझ्याकडे बघत गप्प बसली. मला ते सोसेना. आधी मीच बोललो.